करंगळी

सकाळच्या शाळेचे दिवस होते. एप्रिल निम्मा सरलेला. दुपारी साडेबाराला शाळा सुटल्यावर गाडीच्या सीटवर हात ठेवला तर चटका बसत होता, म्हणून रुमाल अंथरून बसलो आणि सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागून जुळे सोलापुरातलं घर गाठलं. दार नुसतं लोटलेलं. आत कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, आणि जमिनीवर जुन्या चादरीची दुहेरी घडी घालून भिंतीकडे तोंड करून झोपलेली आई. तिच्या पाठीशी माझी लेक, सहावीतली, मांडी घालून बसलेली. तिचीही माझ्याकडे पाठच होती. आईचा डावा हात मागे कमरेवर सैल पडला होता. लेकीनं त्या हाताची फक्त करंगळी वर घेतली, तीही दोन बोटांच्या चिमटीत, कडक भाकरी मोडू नये म्हणून डब्यातून उचलतात तशी. दुसऱ्या हातातला फोन तिनं करंगळीखाली सरकवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग भिंतीवर निळसर उजेड पडला. लेकीनं करंगळी होती तिथं, होती तशी, नीट ठेवून दिली.

मी चपला हातात घेऊन उलट्या पावली जिन्यात आलो.

खरं तर मला ओरडायला हवं होतं. शाळेत नववीच्या दप्तरातून फोन शोधून काढणारा मास्तर म्हणून मी थोडाफार प्रसिद्ध आहे. मागच्या बाकावर कोण मांडीत बघतंय, हे फळ्याकडे तोंड असतानाही मला कळतं असं पोरं म्हणतात, आणि मी ते खोडून काढत नाही. तोच मी स्वतःच्या घराच्या जिन्यात, दुपारच्या एक वाजता, तापलेल्या पायरीवर बसलो होतो. चोरी पकडणाऱ्यानं पाय न वाजवता पळ काढावा, असा तो प्रकार. पण मला अडवलं ते फोन उघडण्यानं नाही, करंगळी परत ठेवण्यानं. चोरी करणारं माणूस घाईत असतं. ती घाईत नव्हती.

आता, करंगळीच का? आईनं पस्तीसेक वर्षं बिड्या वळल्या. आमचं जुनं घर शहराच्या पूर्व भागात, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली कुटुंबांच्या शेजारात. पुरुष मागावर, बायका बिडीला, असा तिथला सरळ हिशेब. आई लग्न होऊन आली तेव्हा तिला ना बिडी येत होती ना तेलुगू. शेजारणींनी दोन्ही एकदमच शिकवलं. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून मऊ केलेलं तेंदूचं पान कात्रीनं मापात कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दाबून मिटायचं. हजार झाल्या की दिवस झाला. असे दिवस रोज धरले तर बोटांचं काय होत असेल, याचा विचार आम्ही कधी केला नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचं मशीन आलं तेव्हा तो करावा लागला. मावशी, अंगठा पुसा. ती पदराला पुसायची. मावशी, जरा ओला करा. करायची. मावशी, दुसरा लावा. मागं रांग खोळंबलेली आणि मशीनच्या लेखी आई तिथं आलेलीच नाही. वळून वळून तिच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेल्या होत्या. गल्लीतल्या निम्म्या बायकांची हीच गत होती, त्यामुळे निदान एकटीची लाज नव्हती. तरुणपणी ती प्रौढांच्या वर्गात जाऊन सही शिकली होती आणि अंगठ्यातून सुटले म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले होते. म्हातारपणी सगळं जग पुन्हा अंगठाच मागायला लागलं.

तिला फोन घेतला तेव्हा त्यानंही तेच केलं. उजवा अंगठा नाही, डावा नाही, तर्जनी नाही, मधलं नाही. मी एकेक बोट धरून फोनच्या पाठीवर टेकवत होतो आणि लेक बाजूला बसून हसत होती. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली. बिडी वळताना तेवढी एकच रिकामी राहिली होती म्हणे. तेव्हापासून आई फोन आला-गेला की करंगळी दाखवते. शाळेत पोरं वर्गाबाहेर जायला करंगळी दाखवतात, तशीच. लेकीला हा विनोद फार आवडायचा. "आजी, जा, पण लगेच ये," असं ती माझ्या आवाजात म्हणायची.

आईच्या फोनला कुलूप मी घातलं ते लेकीसाठीच. माझ्या आणि बायकोच्या फोनवर मी आधीच लहान मुलांसाठीचं सगळं काही बसवून घेतलेलं. कुठलं ॲप किती मिनिटं, रात्री नऊनंतर बंद, नवीन काही घ्यायचं तर माझी परवानगी. मला ते बसवताना फार बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो. गणिताचा मास्तर आहे, रकाने भरले की मला वाटतं प्रश्न सुटला. उरला आईचा फोन. तिला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून बोटाचं कुलूप. पण फोनला बोटामागे आकडेही लागतातच. बंद करून सुरू केला की, आणि एरवीही दोन-तीन दिवसांतून एकदा, तो करंगळीला जुमानत नाही, चार आकडे मागतो. ते मी घातले. माझं जन्मसाल. दहावीला पेपर काढणाऱ्या माणसाला याहून अवघड प्रश्न सुचला नाही.

एवढी कुलुपं घातली, आणि तरी जे व्हायचं ते माझ्याच फोनवर झालं. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी महामार्गावरच्या अपघाताचा व्हिडिओ टाकला होता, सावध राहा म्हणून. सद्भावनेनंच. लेक माझ्या फोनवर स्वाध्यायाचा फोटो शोधत होती. त्या वेळी ती काही बोलली नाही. रात्री दिवा मालवल्यावर तिनं विचारलं, "पप्पा, माणूस मरत असताना व्हिडिओ कोण काढतं?" मिनिटांचा हिशेब ठेवणाऱ्या माझ्या सगळ्या रकान्यांत या प्रश्नाला जागा नव्हती. मी "झोप आता" म्हटलं. त्या उत्तराची मला अजून लाज वाटते.

तसं पाहिलं तर फोन तिच्या हातात दिला कुणी? तिची पहिली २०२० सालची. मार्चअखेर सगळं बंद झालं आणि जूनमध्ये तिचा वर्ग सुरू झाला तो माझ्या जुन्या फोनमध्ये, चीर गेलेल्या काचेमागे. पहिलीची खोली, पहिलीचा बाक, पहिलीतलं भांडण यातलं तिला काहीच मिळालं नाही. बाईंचा चेहरा तळहाताएवढा, त्यातही मधेच गोठणारा. "ऐकू येतंय का बाळांनो?" हे तिनं शाळेत ऐकलेलं पहिलं वाक्य. सह्याद्रीवर 'टिलीमिली' लागायचं, ते ती आईजवळ बसून बघायची, आणि आई बसल्या बसल्या तिच्याबरोबर पहिली शिकायची. दुसऱ्या खोलीत मी दारं-खिडक्या लावून आठवीला समीकरणं शिकवायचो, समोर बावीस चौकोन, त्यातले अठरा काळे. पटावर एकोणपन्नास मुलं होती. उरलेली कुठं आहेत ते मला चांगलं माहीत होतं. घरात फोन एक, तोही वडील कामावर घेऊन जातात, आणि रात्री परत आला की थोरल्याचा नंबर आधी. आमच्याच जिल्ह्यातल्या, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना त्याच वर्षी डिसेंबरात जगातल्या शिक्षकांचा मोठा पुरस्कार मिळाला, पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्याबद्दल. त्यांनी दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांत वाटून टाकली तेव्हा आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, आपल्या जिल्ह्यातला! मीही दुसऱ्या दिवशी उत्साहानं वर्गाला सांगितलं, पुस्तकातला चौकोन स्कॅन करा, बघा काय काय उघडतं. अठरा काळ्या चौकोनांपैकी एकातून आवाज आला, "सर, आमचा फोन चौकोन वाचत नाही." जुना, अंधुक कॅमेऱ्याचा असणार.

म्हणजे आधी आपणच फोन लेकरांच्या हातात कोंबला, त्याला शाळा म्हटलं, आणि शाळा उघडल्यावर तोच हात पकडून चोर म्हटलं. आजही रात्री साडेनऊला मी वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ टाकतो आणि सकाळी परिपाठाला मोबाईलचे दुष्परिणाम सांगतो. दोन्ही प्रामाणिकपणेच करतो.

जप्तीचं सांगतो. आमच्याकडे नियम आहे, विद्यार्थ्याजवळ फोन सापडला की आठ दिवस कपाटात, आणि पालकानं येऊन न्यायचा. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात मला फोन सापडला. गुलाबी कव्हर, मागं देवीचा फोटो. मी तो सगळ्या वर्गासमोर उचलून दाखवला, जरा नाटकीपणानं. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. बोटाला चिकटपट्टी गुंडाळलेली, साडीवर दोऱ्यांचे तुकडे. ती गणवेश शिवणाऱ्या एका ठेकेदाराकडून काज-बटणाचं काम घरी आणायची. "सर, फोन त्याचा नाही ओ, माझा आहे. माल आला की ठेकेदार फोन करतो. लागला नाही की दुसरीला देतो. तीन दिवस झाले." मी म्हटलं, आठ दिवसांचा नियम आहे. मुख्याध्यापक बाहेरगावी होते, सही कोण करणार, हे पण म्हटलं. ती भांडली नाही. कपाटाकडे एकदा बघून गेली. पाचव्या दिवशी मी स्वतःच फोन काढून त्या मुलाच्या हाती दिला, तोपर्यंत तिचं काम दुसरीकडे गेलेलं. त्यानं तो शाळेत का आणला होता हे मी विचारलंच नव्हतं. नोंदवहीत तो रकाना नव्हता.

अलीकडे शिक्षकखोलीत या विषयावर चहाइतक्या वेळा चर्चा होते. ऑस्ट्रेलियानं २०२५ च्या डिसेंबरपासून सोळा वर्षांखालच्या मुलांची समाजमाध्यमांवरची खाती बंद केली, ते वाचून आमचे विज्ञानाचे सर टेबलावर थाप मारून म्हणाले, असं पाहिजे! चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, तिकडे मुलं काय करतात माहितीये का, मोठं दिसायला ओठांवर मिशा रंगवून फोटो काढतात. हे खरं की त्यांच्या कल्पनेतलं ते मला ठाऊक नाही, पण सगळे हसलो. आपल्याकडेही २०२३ चा कायदा सांगतो की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकाची संमती हवी, आणि ती नुसती हो म्हणून चालणार नाही, पडताळता आली पाहिजे. ते वाचल्यापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. झोपलेली आजी आणि चिमटीत धरलेली करंगळी. याहून पडताळलेली संमती आणखी कुठली?

पालकसभेत गेल्या वर्षी एका वडिलांनी मोहित्यांचे वडगावची गोष्ट काढली होती. सांगली जिल्ह्यातलं, कडेगाव तालुक्यातलं हे गाव. २०२२ पासून तिथं संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. आपल्याकडेही का नको? टाळ्या पडल्या. मी मात्र भोंगा या शब्दावरच अडकलो. माझ्या लहानपणी आमचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. घड्याळ घरात होतं, पण त्याच्यावर विश्वास नव्हता. भोंगा झाला, ऊठ. भोंगा झाला, डबा दे. दुपारी पाळी सुटताना वाजला की गल्लीतल्या बायका बिडीचं सूप जरा बाजूला सारून चुलीकडे बघायच्या. एकेक करत गिरण्या थंड झाल्या, भोंगे गेले, धुराडी तेवढी उभी राहिली. पुढे कित्येक महिने माझे आजोबा त्या वेळेला ओट्यावर येऊन नुसते उभे राहायचे. तर, भोंग्याचा प्रयोग मी घरी करून पाहिला. सात ते साडेआठ. पहिल्या दिवशी बायकोची ड्युटी संध्याकाळची, तिचे दोन फोन आले. दुसऱ्या दिवशी शाळेचा तातडीचा तक्ता भरायचा होता, तो मी न्हाणीघरात जाऊन भरला. तिसऱ्या दिवशी लेकीनं न्हाणीघराचं दार वाजवून विचारलं, "पप्पा, भोंगा झाला का?" वडगावकरांना जमलं कारण तिथं सगळा गाव एका भोंग्याला बांधलेला आहे. आमच्या अपार्टमेंटमध्ये शेजारच्या दारामागे कोण राहतं हे आईला अजून नीट माहीत नाही.

आणि इथं मला जुनी गल्ली आठवते, उगाच गोड करून नाही. तंबाखूची धूळ असायची, बायका खोकायच्या, पोरीही आठव्या-नवव्या वर्षी दोरा गुंडाळायला बसायच्या. पण दुपारी सात-आठ बायका एका ओट्यावर सुपं घेऊन बसलेल्या असायच्या, अर्धी बोलणी तेलुगूत, अर्धी मराठीत, आणि हात एकाचेही थांबत नसत. आम्ही पोरं समोर काय वाट्टेल ते करायचो. कुणी आमच्याकडे मुद्दाम बघत नव्हतं. तरी कुणी नळावर चढलं, कुणी कुत्र्याला दगड उचलला की मान वर न करता एखादी म्हणायची, "काय करलालास बे?" बस, तेवढंच. दगड खाली. कुणाच्याही पोराला कुणीही म्हणायचं. आई आमच्याबरोबर जुळे सोलापुरात राहायला आली तेव्हा हवा, पाणी, संडास सगळं चांगलं मिळालं. दुपार तेवढी तिकडेच राहिली.

वडील मागावर होते, पण विणकर नव्हते. ते जकार्डची कार्डं पंच करायचे. चादरीवर मोर हवा असेल तर आधी तो आलेखाच्या कागदावर बारीक चौकटी भरून काढायचा, मग प्रत्येक ओळीसाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर भोकं. भोक असेल तिथला आकडा, म्हणजे हुक, वर, तो ताण्याचा उभा धागा उचलणार. नसेल तिथला खाली राहणार. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून मागाच्या डोक्यावर टांगली की माळ खाली सरकत जाते आणि चादरीत मोर उगवत जातो. फ्रान्समधल्या जकार्डनं १८०४ च्या सुमाराला बसवलेली ही युक्ती, आणि पहिल्या संगणकांची आखणी करणाऱ्यांनी भोकाची कार्डं इथूनच उचलली. हे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, कारण ज्यांच्या घरात माग आहे त्यांना त्याचा आवाज नकोसा झालेला असतो. त्या जिन्यातल्या दुपारनंतर दोन दिवसांनी मी माळ्यावरून वडिलांची एक माळ काढली. धूळ झटकली. लेक बराच वेळ बोटानं भोकं चाचपत राहिली, मग उठून पुस्तक घेऊन आली आणि पहिल्या पानावरचा चौकोन शेजारी धरला. "पप्पा, हे तर क्यूआर कोडच आहे की." मग माझा फोन मागून तिनं कॅमेरा कार्डावर धरला. पुढे-मागे केला, तिरका केला. "होईना स्कॅन." आईला हसू आवरेना. "तुझा आजा रात्र रात्र बसायचा तेव्हा एक मोर व्हायचा," ती म्हणाली, "आन तुला एका टचात पाहिजे." तो अर्धा-पाऊण तास फोन आमच्या तिघांच्या मध्ये होता आणि मला एकदाही मिनिटं मोजावीशी वाटली नाहीत. हे तिला फोन वापरायला शिकवणं होतं की नव्हतं, कोण जाणे.

पण करंगळी काही डोक्यातून जाईना. चौथ्या दिवशी लेक चित्रकलेच्या क्लासला गेली होती. आई चटणीसाठी शेंगदाणे निवडत बसली होती. कुबट दाणा एकीकडे, बरा दाणा सुपात, मान खाली. मी म्हटलं, "दुपारी तुला गाढ झोप लागते का गं?"

"का?"

"सहज."

"सहज कधी विचारतोस तू?" तिनं एक दाणा दाताखाली चावून बघितला. "जागीच असते की."

मग थांबत थांबत तिनं सांगितलं. पोरगी शाळेतून येते, जेवते, येऊन पाठीशी बसते. तिचा गुडघा पाठीला लागतो. तेवढ्यासाठी ती झोपेचं सोंग घेऊन पडते, कारण जागी असली की बोलावं लागतं आणि बोललं की पोरगी उठून जाते. फोनवर ती काय बघते हे आईला माहीत होतं. चित्रं कशी काढायची ते, मांजरं, आणि कुठल्याशा देशातली माणसं लाल शेवया खातात ते. आवाज बारीक असतो, पण कान अजून शाबूत आहेत. मधे एकदा काही वेडंवाकडं लागलं तेव्हा आई कुशीवर वळली. "वळले की बंद करती."

मी विचारलं, "आणि रोजच?"

"रोज कशाला? मी कधी कधी मूठ मिटते."

"मग?"

"मग काय. जरा बघती. एकदा तिनं हळूच उघडायला बघितली, मी घट्ट केली. मग जाती, चित्रं काढत बसती. परवा कुठं गेलीच नाही. नुसती बसली पाठीशी, कूलरपुढं."

"आणि तुला खरंच झोप लागली असेल त्या दिवशी?"

आई हसली. तिच्या वरच्या दोन दातांची फट दिसली. "झोपेत मूठ उघडीच राहती रे. त्या दिवशी मजा तिची."

हे सगळं किती दिवस चाललं होतं, याचा विचार करताना माझ्या डोक्यात गणितातली एक चूक टोचायला लागली. करंगळीला फोन दोन-तीन दिवसच ऐकतो. मग आकडे मागतो. पूर्वी आई त्यासाठी मला हाक मारायची. शेवटची हाक कधी मारली होती? मला आठवेना. दिवाळीच्या आधी? रात्री लेकीच्या अंथरुणाशी बसलो. अपघाताच्या त्या रात्रीनंतर मी दिवा मालवल्यावर थोडा वेळ बसतो, ती काही विचारेल म्हणून. बहुतेक वेळा ती विचारत नाही. त्या रात्री मीच विचारलं.

"आजीच्या फोनचे आकडे तुला माहीत आहेत?"

"हो. तुमचं जन्मसाल."

"कधीपासून?"

"चौथीपासून." अंधारात तिचा आवाज अगदी सरळ होता. "आजीच्या फोनला आकडे मीच घालते ना. तुम्ही घरी नसता."

"मग करंगळी कशाला?"

ती कोपरावर उठून बसली. अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला की वर्गातली हुशार मुलगी मास्तराकडे बघते, तसं काहीसं ती माझ्याकडे बघत असावी.

"पप्पा, आजीला विचारायला नको?"

मी काही बोललो नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावरच्या गर्दीत, पाळण्यांच्या आणि पिपाण्यांच्या आवाजात आम्ही चौघं गेलो होतो तेव्हा लेकीनं आईची हीच करंगळी धरली होती. मला वाटत होतं पोर हरवू नये म्हणून. आता वाटतं, आई हरवू नये म्हणून असेल. तिला डोळ्यांनी कमी दिसतं.

परवा रविवारी दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली होती, बायको ड्युटीवर. वडिलांचा एक फोटो हवा होता, मागाशेजारी उभे असलेले, गळ्यात टेप. तो आईच्याच फोनमध्ये आहे. फोन तिच्या उशाशी होता. आई भिंतीकडे तोंड करून पडलेली, डावा हात मागे, कमरेवर. मी खाली बसलो आणि करंगळी उचलायला हात पुढे केला. मूठ मिटलेली होती. मी हळूच बोट घालून पाहिलं. ती जरा घट्ट झाली.

आकडे मला पाठ होते, माझंच जन्मसाल. फोन मी होता तिथं ठेवला आणि तिच्या पाठीशी, कूलरपुढं, नुसता बसलो.